दलित आत्मकथने : पोचलेला एक आणि मागे राहिलेले

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, पुढच्याच वर्षी प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी'. त्यानंतर 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' आली. या पुस्तकांचे स्वागत करताना प्रस्थापित समीक्षेने वापरलेला एक शब्द आजही वर्गावर्गांत टिकून आहे. तो शब्द म्हणजे 'जिद्द'. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आत्मकथनावर प्रश्न आला की निम्म्या उत्तरपत्रिकांचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : प्रतिकूल परिस्थितीवर मात करून लेखक जिद्दीने शिकला व मोठा झाला. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आम्ही शिक्षकच तसे शिकवतो. माझा आक्षेप या वाचनाला आहे.

जिद्द नव्हती असे कोण म्हणेल? परंतु जिद्दीने एकाचे शिकणे समजते; बाकीच्यांचे न शिकणे समजत नाही. उलट, ज्यांची शाळा सुटली त्यांच्यात ती नव्हती, असा अर्थ आपोआप निघतो. मग जात सुटते, मजुरीचा दर सुटतो, जमिनीची मालकी सुटते आणि दोष पुन्हा वस्तीतल्या पोराच्याच माथी येतो. मध्यमवर्गीय वाचकाला हे वाचन सोयीचे आहे. पुस्तक मिटताना त्याच्या मनात कौतुक उरते, प्रश्न उरत नाही.

खुद्द पुस्तके मात्र वेगळे सांगतात. 'बलुतं'मध्ये नोकरदार दया पवार आणि महारवाड्यातला दगडू पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. दगडू बोलतो, दया ऐकतो. रचनेचे वैशिष्ट्य म्हणून आपण त्याची नोंद करतो. मला त्यात सामाजिक विधान दिसते. शिक्षण व नोकरी मिळूनही माणूस सबंध वर येत नाही. त्याचा एक भाग तेथेच राहतो आणि कथन त्या राहिलेल्या भागाचे आहे. 'आठवणींचे पक्षी'मध्ये पोरके झालेले मूल बहिणीच्या आश्रयाने वाढते. त्याच्या शिक्षणाचा विचार करताना, त्या घरात आधीच अपुऱ्या असलेल्या भाकरीचा हिशेब सोडून चालणार नाही.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर नावापासूनच अनेकवचनी आहे. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न लहान वयात, फलटणला लहानसे दुकान. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचून त्यांनी वाचन टिकवले. लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. 'स्त्री' मासिकातून ते लेखन १९८२ साली आले, पुस्तक १९८६ साली निघाले. जात आणि दारिद्र्य यांच्या जोडीला घरातली पुरुषसत्ताही लिहिणाऱ्या हाताला कशी अडवते, ते येथे दिसते. बेबीताईंच्या वह्या वाचल्या. किती बायांच्या वह्या कधी सुरूच झाल्या नाहीत, याची नोंद वाङ्मयेतिहासात नाही.

येथे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल घेतलेली असे, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडावे लागे. मला वसतिगृहात जागा मिळाली. बहीण माझ्याहून मोठी आणि अभ्यासात माझ्याहून हुशार. पण धाकट्या भावाला सांभाळायला, कोपीवर भाकरी थापायला कोणीतरी हवे होते. सहावीत तिची शाळा सुटली. पुढे लग्न झाले आणि तिच्याही हाती कोयता आला. मी प्राध्यापक झालो तेव्हा गावात सत्कार झाला. वक्ते माझ्या जिद्दीवर बोलले. बहीण मागे बायांत बसून टाळ्या वाजवत होती. तिच्यात जिद्द नव्हती काय?

आणि जे पोचले ते तरी एकट्याच्या बळावर पोचले काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत पुढे 'मिलिंद' या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय. वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांचा आधार मिळाला तेथे माणसे घडली. तो मिळाला नाही तेथे तितकीच बुद्धी मातीत गेली.

राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. संयुक्त राष्ट्रांचा मानवी विकासाचा पहिला अहवाल १९९० साली आला. आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांवरून त्यात देश मोजले गेले. परंतु ती सरासरी होती. विषमतेपायी त्या विकासातले किती गळते, हे मोजणारा निर्देशांक २०१० साली आला. आपली आत्मकथने ही गळती त्याच्या कितीतरी आधी माणसांच्या नावानिशी सांगत होती. माझी पदवी आणि बहिणीची सहावी यांची सरासरी काढली, तर आमचे घर बरे शिकलेले दिसेल. त्या आकड्यात माझी बहीण कोठे आहे?

म्हणून दलित समीक्षेने आपला प्रश्न बदलावा असे मला वाटते. लेखक कसा पोचला, एवढे विचारून थांबू नये. त्याच्याबरोबर निघालेले कोण कोठे अडले आणि कोणी अडवले, हेही विचारावे. हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे, कारण आपल्या सभांतून शिकलेल्या मुलाचा सत्कार होतो. शाळा सोडून घर सावरणाऱ्या मुलीचे नाव घेतले जात नाही.

यंदा वर्गात मी एक लहानसा बदल केला. आत्मकथन शिकवून झाल्यावर, त्यातल्या मागे राहिलेल्या एका माणसावर लिहायला सांगितले. एका मुलीने लेखकाला सोडून स्वतःच्या आईवर लिहिले. परीक्षेच्या नियमाने ते उत्तर चुकीचे ठरले असते. मी तिला पूर्ण गुण दिले.