वाघ-बकरी : एका विषम युद्धखेळाचे गुणदोष

काव्य, नाटक व कादंबरी यांचे गुणदोष सांगण्यात आमचे टीकाकार जितके तत्पर असतात, तितकेच ते खेळांच्या बाबतीत मौन पाळतात. खेळ खेळावा, जिंकावा किंवा हरावा आणि पट गुंडाळून ठेवावा. त्याच्या नियमांची चिकित्सा कसली करावयाची, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः नियम ही देखील एक रचनाच होय. तीत पात्रे असतात, त्यांस काय करता येईल व काय येणार नाही याची मर्यादा असते, आणि शेवट कसा व्हावा याविषयी रचनाकाराचे काही मत असते. बुद्धिबळ व सोंगट्या यांच्याविषयी आपल्याकडे काही तरी लिहिले गेले आहे. परंतु देवळाच्या फरशीवर किंवा ओसरीवर कोळशाने पट आखून जो वाघ-बकरीचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला, त्याची टीकेच्या दृष्टीने कोणी दखल घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्या गोंडपिपरी तालुक्यात बसून आम्ही हे लिहीत आहो, तेथे वाघ हा पटावरचा केवळ खडा नाही. शेजारचे कन्हाळगावचे रान २०२१ साली अभयारण्य झाले. मोह वेचावयास किंवा तेंदूपाने तोडावयास गेलेले माणूस वाघाने मारल्याची वार्ता या जिल्ह्यास नवी राहिलेली नाही. अशा ठिकाणी वाघ व बकऱ्या यांच्या लढाईचे नियम नीट तपासून पाहावेत असे वाटले, तर ते अस्थानी होणार नाही.

या खेळाचे रूप प्रांतोप्रांती बदलते. तमिळ मुलखात पट त्रिकोणी असून तीन वाघ व पंधरा बकऱ्या असतात. आम्ही परीक्षणास चार वाघ व वीस बकऱ्या यांचा प्रकार घेतला आहे. नेपाळात तो बाघचाल या नावाने प्रसिद्ध असून त्याचे नियम सर्वांत निश्चित आहेत. पाच उभ्या व पाच आडव्या रेषा, त्यांच्या छेदांवर पंचवीस घरे. दोन कर्ण, आणि चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या तिरप्या रेषा. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकऱ्या हातात असतात. बकरीवाल्याने दर खेळीस एक बकरी रिकाम्या घरी ठेवावयाची, आणि विसावी ठेवली जाईपर्यंत मांडलेली बकरी हलवावयाची नाही. वाघ मात्र पहिल्या खेळीपासून रेषेने एक घर चालतो, किंवा लगतच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी घेऊन तिला मारतो. पाच बकऱ्या मेल्या की वाघ जिंकले. चारही वाघांस चाल उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

एवढ्या थोडक्या नियमांत जो पहिला मोठा गुण आहे तो असा, की दोन पक्ष बळाने, संख्येने व हेतूनेही भिन्न आहेत. बुद्धिबळात दोन्ही राजांचे सैन्य सारखे, ध्येयही सारखे. तेथे समानतेमुळे न्याय आपोआप येतो. येथे एक पक्ष मारणारा व दुसरा कोंडणारा आहे. बकरीला मारण्याची शक्ती मुळीच दिलेली नाही, तरीही तिला जिंकता येते. रचनाकाराने दुर्बळास प्रबळाचे शस्त्र उसने दिलेले नाही. त्यास त्याचे स्वतःचे शस्त्र दिले, आणि ते म्हणजे एकमेकांच्या पाठीशी उभे राहणे. विषम लढाईचा खेळ रचणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे साधले आहे.

दुसरा गुण असा, की पाठिंब्याचे हे सारे शास्त्र पटाच्या आकृतीतूनच निघते, त्यासाठी निराळा नियम करावा लागलेला नाही. एक साधे उदाहरण घेऊ. बकरीवाल्याने पहिली बकरी एका बाजूच्या मध्यावर ठेवली. कोपऱ्यातला वाघ त्याच बाजूने एक घर सरकून तिच्या लगत आला. पलीकडचे घर रिकामे आहे, म्हणजे पुढल्या खेळीस उडी निश्चित. पहिली बकरी हलविता येत नाही. म्हणून दुसरी त्या पलीकडच्या घरातच ठेवली पाहिजे. ती तेथे बसताच दोघीही वाचतात, कारण दुसऱ्या कोपऱ्यातील वाघास दुसरीवरून उडी मारावी तर उतरावयाच्या घरात पहिली बसलेली आहे. कडेच्या बकरीस केवळ कडेच्याच रेषेने मारता येते. कोपऱ्यातील बकरीस मारताच येत नाही. मध्यघरातून मात्र आठ दिशांस वाटा फुटतात. म्हणून जाणता खेळाडू कडा आधी भरतो व मध्याकडे सावकाश येतो. हे त्यास कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नसते. दोन-तीन डाव हरल्यावर पटच त्यास ते शिकवितो.

या गुणाची किंमत नीट कळावी म्हणून आम्ही आजच्या एका परकीय खेळाकडे क्षणभर वळतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आपली मुले मातीचे मावळे मांडतात. त्याच जातीच्या लहान मूर्ती मेजावर मांडून, अंतरे मोजपट्टीने मोजून व फासे टाकून लढाया खेळण्याचा छंद पाश्चात्त्यांत बराच रुजला आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईस नियम दिले; पुढे त्यात चेटकी, राक्षस व भुते यांचाही शिरकाव झाला. जोसेफ मॅकालो यांचा २०१५ सालचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ हा अशा अद्भुत चकमकींचा एक लोकप्रिय खेळ होय. बर्फात गाडलेल्या नगरात दोन जादूगार आपापले मूठभर साथीदार घेऊन ठेवा शोधावयास उतरतात. हातघाई झाली की दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपले युद्धबळ मिळवावयाचे; ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. जवळ मोकळा साथीदार असेल तर पाठिंब्याचे दोन गुण अधिक. आता दोन समबळ वीर घेतले, तर पाठिंबा असलेला वीर १०० पैकी सुमारे ५७ वेळा जिंकतो, ३८ वेळा हरतो, व बाकीच्या वेळी बरोबरी होते. म्हणजे मित्राला पाठीशी उभे करण्याचे शहाणपण केले तरी पारडे फारसे झुकत नाही. फाशाची लहर बहुधा त्यास गिळून टाकते. या लहरीने खेळात रंगत येते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पाठीराखा असलेली बकरी मरत नाही म्हणजे मरत नाही, हा वाघ-बकरीचा निश्चय आम्हांस अधिक सुंदर वाटतो. तेथे हरणाऱ्यास दैवाला बोल लावता येत नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष उताराचा आहे. वीस बकऱ्या, चार वाघ व पंचवीस घरे. एकही बकरी न गमावता सर्व मांडल्या गेल्या, तर पटावर एकच घर रिकामे राहते व वाघांचा श्वास कोंडतो. परंतु मेलेली प्रत्येक बकरी वाघास एक घर देऊन जाते. चार मेल्यावर पाच घरे मोकळी होतात, राखणारे हात कमी होतात, आणि पाचवी वाचविणे पहिलीहून कठीण होऊन बसते. मांडणीत आरंभीच दोन चुका झाल्या तर नवशिक्याचा डाव तेथेच हरल्यासारखा होतो. तरीही हातातल्या बकऱ्या संपेपर्यंत त्याने तो ओढीत न्यावा लागतो. चुकीस शिक्षा असावी, पण सावरण्यास काही जागाही असावी. बकरीच्या बाजूस ती जवळजवळ नाही.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. सर्व बकऱ्या मांडून झाल्यावर दोघेही सावध असले, तर एकाने पुढे यावे व मागे जावे, दुसऱ्यानेही तसेच करावे, असा प्रकार सुरू होतो. लिम यू जिन व युर्ग निव्हरगेल्ट या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकाच्या साह्याने असे सिद्ध केले, की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर हा डाव बरोबरीत सुटतो. बरोबरी हा स्वतः दोष नव्हे. पण ती केव्हा झाली हे सांगणारा नियम नसणे हा निश्चित दोष होय. एका चावडीवर अशीच स्थिती आली असता, डाव संपला की नाही यावर खेळापेक्षा अधिक वेळ वाद चाललेला आम्ही ऐकला आहे. शेवटी सर्वांत वयस्क माणसाने हात फिरवून पट पुसला. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ यांनी सैनिकी अधिकाऱ्यांसाठी जो युद्धखेळ रचला, त्यात निकालासाठी पंच नेमलेला असे. आपल्या खेळात पंच हा नियमात नाही, तो गावात असतो. आणि गाव बदलले की निकाल बदलतो. नेपाळकडे पहिली मांडणी पुन्हा आणू नये असा निर्बंध काही ठिकाणी पाळतात. तो उचित आहे. मात्र तो एकाच बाजूवर न लादता, तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीचा, असे ठरविणे आम्हांस अधिक न्याय्य दिसते.

तिसरा आक्षेप न्यायाचा. पक्ष विषम असल्याने एका डावावरून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. नवशिक्यांत बहुधा वाघवाला सुखी असतो. उपाय सोपा आहे. दोन डाव खेळावेत, बाजू बदलावी, व ज्याने कमी बकऱ्या गमावल्या तो जिंकला असे मानावे. यामुळे पहिल्या दोषाचीही धार काहीशी बोथट होते, कारण हरलेल्या डावातही चौथी बकरी वाचविण्यास अर्थ उरतो.

सर्व वाघ सारखे, सर्व बकऱ्या सारख्या, कोणास नाव नाही व एका डावाचा वृत्तांत पुढच्यात जात नाही, असाही आक्षेप कोणी घेईल. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’सारख्या खेळांत जादूगार डावागणिक नवे मंत्र शिकतो, त्याचा साथीदार जायबंदी होतो, आणि खेळणाऱ्यास त्याचा लळा लागतो. हे सुख वाघ-बकरीत नाही हे खरे. परंतु खड्यांवर व चिंचोक्यांवर चालणाऱ्या खेळाने ते देऊ केले नाही म्हणून त्यास दोष देणे आम्हांस पटत नाही.

आमचा शेवटचा आक्षेप मात्र आम्ही सोडू शकत नाही. चार वाघ एका मेळाने बकऱ्यांवर चालून येतात, असे अरण्यात घडत नाही. वाघ एकटा फिरणारा प्राणी आहे. तेव्हा पटावरचा वाघ हा रानातल्या वाघापेक्षा चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्यावर हत्तीवर चढलेल्या शार्दूलाच्या कुळातला, म्हणजे कल्पनेतला आहे. त्यास आमची हरकत नाही. हरकत अशी, की या पटाला बाहेर जाण्याची वाट नाही. वाघाने पाच मारावेत किंवा कोंडून पडावे. तिसरा मार्ग रचनाकारास सुचला नाही. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’च्या फाशांस आम्ही वर नावे ठेविली, पण तेथे ठेवा उचलून मेजाच्या कडेबाहेर निघून जाता येते, आणि बहुतेक शहाणे खेळाडू तेच करितात. चकमक म्हणजे सर्वनाश नव्हे, हे त्या नियमांस कळले आहे. आमच्या पटावर पंचवीस घरे आहेत, पण रान नाही.

असे असूनही या खेळाचे आमचे मोजमाप आदराचेच आहे. इतक्या थोड्या साहित्यात, बळ व एकी यांचा सामना इतक्या स्वच्छ नियमांनी मांडणारी दुसरी रचना आम्हांस ठाऊक नाही. शाळांसाठी जो कोणी हा पट छापील, त्याने दोन डावांचा व तिसऱ्या पुनरावृत्तीचा नियम खाली स्पष्ट छापावा, आणि आपल्या भागात वृद्ध माणसे जे भेद सांगतात तेही टिपून ठेवावेत. पटाच्या कडेस वाघासाठी एक वाट काढून पाहण्याचा प्रयोग कोणी केला, तर त्याचा वृत्तांत वाचावयास आम्हांस आनंद होईल. खेळ त्यामुळे बिघडेल की सुधारेल, हे दहा-वीस डाव खेळल्यावाचून सांगता येणार नाही; परंतु ज्या तालुक्यात संध्याकाळी बकऱ्या मोजून आत घेतात, तेथे तो प्रयोग प्रथम व्हावा हे योग्यच होईल.