हरल्यानंतरची आलोचना

दिवाळीत भाचा आला होता. जेवताना त्यानं फ्रेंच सैन्यावरचा एक विनोद सांगितला. फ्रेंच शिपायाला म्हणे पहिल्या दिवशी हात वर करायलाच शिकवतात! सगळे हसले, मीही हसले. भांडी आवरताना मात्र मार्क ब्लॉक आठवले आणि हसल्याची लाज वाटली.

ब्लॉक हे मध्ययुगाचे मोठे फ्रेंच इतिहासकार. पहिलं महायुद्ध ते लढलेले. १९३९ मध्ये त्यांचं वय ५३, घरी सहा मुलं. घरी राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. तरी त्यांनी पुन्हा गणवेश चढवला. फ्रान्सच्या पहिल्या आर्मीला पेट्रोल पुरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. १० मे १९४० ला जर्मन चालून आले आणि २२ जूनला फ्रान्सनं युद्धबंदीवर सही केली. अवघे सहा आठवडे! त्याच उन्हाळ्यात ब्लॉकनी ‘विचित्र पराभव’ लिहायला घेतलं. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचलं.

फ्रेंच शिपाई भित्रा निघाला, असं हे पुस्तक म्हणत नाही. त्यांचा रोख आहे वरिष्ठांवर. सेनापतींची डोकी १९१८ मध्येच थांबलेली. थोडं मागं हटून नवी फळी धरायचा बेत व्हायचा, तोवर जर्मन मोटारी तिथं पोचलेल्या असायच्या. हरली ती बुद्धी, असं त्यांचं म्हणणं. ते पटतं. याच फ्रेंचांनी १९१६ मध्ये व्हर्दंला दहा महिने झुंज दिली होती. १९४० मध्येही लील शहरात वेढलेल्या फ्रेंच तुकड्या चार दिवस लढत राहिल्या, म्हणून डंकर्कहून हजारोंना निसटता आलं. त्या सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक मेले. विनोदात यातलं काहीच येत नाही.

आपण तरी वेगळं काय करतो? कुणाची फजिती झाली की ‘पानिपत झालं’ म्हणतो. पण १७६१ च्या त्या एका दिवसावरून कुणी मराठ्यांना भित्रे म्हटलं, तर आपल्याला चालेल का? दहाच वर्षांनी महादजी दिल्लीत होते, हे आपण लगेच सुनावू.

मला सर्वांत भिडला तो पुस्तकाचा शेवटचा भाग. तिथं लेखक स्वतःकडे वळतो. हिंदीत आलोचना म्हणजे समीक्षा. आपल्यात आलोचना म्हणजे आपले दोष आपल्याच तोंडानं सांगणं. ब्लॉक हे दुसरं करतात. देश चुकीच्या वाटेनं चाललाय हे आम्हा शिकलेल्यांना दिसत होतं, पण आम्ही आपापल्या अभ्यासिकेत बसून राहिलो, अशी कबुली ते देतात. सेनापतींना दोष देऊन झाल्यावर हे लिहायला धैर्य लागतं.

एका ठिकाणी मात्र मी अडले. युद्ध नको म्हणणाऱ्या शिक्षकांवर आणि कामगार संघटनांवर ते फार कडक होतात. पहिल्या युद्धात फ्रान्सची तेरा लाखांवर माणसं गेली होती. जवळजवळ प्रत्येक गावात नावं कोरलेला दगड उभा होता. ती नावं वाचून मोठी झालेली माणसं युद्धाला भ्यायली, तर त्यांना कसा दोष द्यायचा? माझं जैन मन त्यांच्या बाजूनं उभं राहतं. पण मग हेही आठवतं, की आपल्या शास्त्रानं श्रावकाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली. अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यानं मान्य केलंय. अहिंसेचं नाव घेऊन गप्प बसणं सोपं असतं, आणि ते मीही केलंय.

ब्लॉक पुढं गप्प बसले नाहीत. ल्योंमध्ये ते भूमिगत चळवळीत शिरले, पकडले गेले. १६ जून १९४४ ला जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुस्तक छापलं गेलं १९४६ मध्ये.

जाताना भाच्याच्या बॅगेत मी हे पुस्तक ठेवलं. विनोद सांग, म्हटलं, पण आधी एवढं वाच.