आग्र्याची बंदूक ‘नक्कल’, मग अमेरिकेचं पिस्तूल काय?

रँडॉल्फ कूपर यांचं 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धावरचं पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 2003 मध्ये काढलं. विषय इतिहासाचा आहे, पण पेटची तयारी करणाऱ्या कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याने ते वाचावं असं मला वाटतं. सगळ्यांना पटलेली जुनी समजूत पुराव्याने कशी उलटवायची, हे त्यात दिसतं. ती उलटवताना काय राहून जातं, हेही दिसतं.

समजूत तुम्हाला माहीत आहे. मराठ्यांचं बळ घोडदळात आणि गनिमी काव्यात. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून युरोपियन धर्तीची कवायती पलटणं उभी केली, तोफा-बंदुका तिकडच्या नमुन्यावर घडवल्या, आणि ही उसनी विद्या ऐन वेळी उपयोगी पडली नाही. पुढे वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली आणि टॉमस मन्रो यांचं मतही साधारण असंच होतं. सुरेंद्रनाथ सेन यांच्या 1928 च्या मराठा लष्करावरच्या ग्रंथाचा सूरही ऱ्हासाचाच आहे: शिवकालीन घडी विस्कटली, परक्यांवर भिस्त वाढली.

कूपर म्हणतात, शस्त्रात मराठे मागे नव्हतेच. असईच्या लढाईत (23 सप्टेंबर 1803) इंग्रज जिंकले, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यातलं बरंच नुकसान शिंद्यांच्या तोफांनी केलं. मग हरले का? कूपर यांचं उत्तर पैशाचं आहे. ऑगस्ट 1803 मध्ये गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांना फोडलं. पेराँसारखा सरसेनापतीच महिन्याभरात बाहेर पडला. सैनिकी नोकरीचा बाजार कोणाच्या हातात, यावर युद्ध ठरलं. ही मांडणी मला पटते.

पण तोफांपुरती. शिपायाच्या हातातल्या बंदुकीकडे आलो की पुरावा पातळ होतो, आणि तिथेच ‘नक्कल’ हा शब्द पुन्हा डोकं वर काढतो.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात असते. चाप ओढला की ती रंजकीवर टेकते. चकमकीच्या बंदुकीत घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते. (ठिणगी दगडाची नसते बरं का, पट्टीचे खरवडलेले बारीक कण हवेत पेटतात.) म्हणजे पट्टीचा पृष्ठभाग पुरेसा कडक हवा, नाहीतर ठिणगीच पडत नाही. घोड्यामागची स्प्रिंग नीट पाणी दिलेल्या पोलादाची हवी. फार कडक झाली तर तुटते, मऊ राहिली तर मार बसत नाही. तेव्हा समोर नमुना ठेवून हुबेहूब आकार घडवणं हे निम्मंसुद्धा काम नाही. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली डी बॉयनच्या पलटणांसाठी या बंदुका होत होत्या. त्या चालत असतील, तर भट्टीवरच्या कारागिरांना पोलादाचं पाणी कळत होतं. त्यांची नावं मात्र पुढे येत नाहीत, सँगस्टरचं येतं.

आता त्याच दशकातली अमेरिका बघा. 1799 मध्ये तिथल्या सरकारने कनेटिकटमधल्या सिमियन नॉर्थला 500 चकमकी पिस्तुलांचं कंत्राट दिलं. नॉर्थ आधी गवत कापायचे लांब विळे बनवायचा. पिस्तूल त्याचं स्वतःचं नव्हतं. फ्रेंच सैन्याच्या 1777 च्या पिस्तुलावरून घेतलेलं, तोच पितळी सांगाडा. पण अमेरिकन इतिहासात याला कोणी उसनी विद्या म्हणत नाही, देशी उद्योगाची सुरुवात म्हणतात. काम एकच, पण एकाला ऱ्हासाचं लक्षण म्हणायचं आणि दुसऱ्याला पहिलं पाऊल! आपल्या भाषेत सांगायचं तर प्रयोग केला, पण कंट्रोल ठेवलाच नाही. कूपर यांचा भर भारतातल्या लढाईवर आहे. ही तुलना शेजारी ठेवली असती तर त्यांचा मुद्दा दुप्पट मजबूत झाला असता.

फरक पुढच्या वर्षांत पडला. नॉर्थला सरकारी कंत्राटं मिळत राहिली. 1813 मध्ये त्याने 20,000 पिस्तुलांचा करार केला, नग 7 डॉलर, आणि अट अशी की कुठल्याही पिस्तुलाचा भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. आग्रा ऑक्टोबर 1803 मध्येच लेकच्या ताब्यात गेलं. नॉर्थला मिळालेली चौदा वर्षं आग्र्याला मिळालीच नाहीत.

अर्थात अमेरिकेची गोष्टही जशीच्या तशी गिळू नका. येलच्या रॉबर्ट गॉर्डन यांनी जुन्या अमेरिकन बंदुकांचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 1988 मध्ये शोधनिबंध लिहिला: यंत्रांचा कितीही गाजावाजा झाला तरी शेवटचं माप बराच काळ कानस हातात घेतलेला माणूसच जुळवत होता. भिवंडीत लूमच्या कारखान्यात वाढलेल्या कोणालाही याचं नवल वाटणार नाही. दुकानातून आणलेला पार्ट जॉबरने दोन हात कानस मारल्याशिवाय बसतो कुठे?

गॉर्डन यांची पद्धत मला कूपर यांच्या पुस्तकाची खरी पुरवणी वाटते. सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांनी इकडे बघावं. आग्र्याची म्हणून खात्री पटणारी बंदूक मिळाली, तर पट्टीची कडकपणाची चाचणी, स्प्रिंगच्या पोलादाची सूक्ष्मरचना, कानशीच्या खुणा. आणि शेजारी त्याच काळातली इंग्रजी बंदूक. नमुना कापायला कुठलंच संग्रहालय देणार नाही, तेव्हा वस्तूला धक्का न लावणाऱ्या चाचण्यांपासूनच सुरुवात करावी लागेल. परवानगीच्या पत्रव्यवहाराला पहिलं वर्ष धरून ठेवा.