वजनकाट्याला कोपरा दिसत नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी ईडीएमवरचे पेपर वाचायला घेतले. पंधरा-वीस झाल्यावर लक्षात आलं की पुढचा पेपर न उघडताच त्यातलं निम्मं सांगता येतंय. इलेक्ट्रोड तांब्याचा, गोल दांडा, तोंड सपाट. जॉब टूल स्टीलचा. करंट, व्होल्टेज, पल्स ऑन आणि पल्स ऑफ टाइम यांच्या तीन-तीन पातळ्या, तागुचीचा एल-९ किंवा एल-२७ तक्ता. निष्कर्ष: पीक करंटचा परिणाम सर्वांत जास्त. माझा पहिला सिनॉप्सिसही असाच होता, त्यामुळे पुढची टीका आधी मला लागू आहे.

ईडीएम म्हणजे काय ते थोडक्यात. डायमध्ये जसा खड्डा हवा, त्याच्या उलट आकाराचा इलेक्ट्रोड तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा करायचा, तेलात बुडवून पोलादाजवळ न्यायचा आणि मधल्या बारीकशा फटीत ठिणग्या पाडायच्या. पोलाद कणाकणानं वितळून निघतं. १९४३ मध्ये सोव्हिएत संघात लाझारेन्को पती-पत्नींनी ठिणगीची ही झीज कामाला लावली. फट राहणार म्हणजे इलेक्ट्रोड खड्ड्यापेक्षा तेवढा लहान करावा लागतो.

आणि इथंच फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, डोकं खाते. समजा गॅप एका बाजूला ०.१ मिमी आहे. खड्ड्याच्या आतल्या कोपऱ्याला ०.५ चा रेडियस हवा असेल, तर इलेक्ट्रोडच्या कडेला ०.४ द्यायचा. पण डायमध्ये बाहेर आलेली कड ०.५ ची हवी असेल, तर इलेक्ट्रोडच्या खाचेत ०.६ लागतो. एकाच इलेक्ट्रोडवर एक रेडियस घटतो, दुसरा वाढतो. म्हणून अख्खं मॉडेल ९९.६ टक्क्यांवर स्केल करून भागत नाही. ५० मिमी रुंदीला बाजूला ०.१ सुटतं, पण ५ मिमीच्या बरगडीला फक्त ०.०१.

त्यात ऑर्बिट आलं की हिशेब आणखी बदलतो. मशीन फक्त आडव्या पातळीत गोल फिरणार असेल, तर तळाच्या गोलाईतून गॅप तेवढा वजा करायचा. उभ्या कोपऱ्याच्या रेडियसमधून मात्र गॅप आणि ऑर्बिट दोन्ही. वजावट रेडियसपेक्षा मोठी झाली की ऑफसेट घेताना गोलाईचा पृष्ठभागच नाहीसा होतो आणि सॉफ्टवेअर हात वर करतं. तीन वेगळ्या रेडियसच्या कडा एका टोकाला भेटतात, तिथं तर नेहमीचंच. अशा वेळी आधी फिलेट काढून टाकायचे, उरलेल्या पृष्ठभागांना ऑफसेट द्यायचा आणि सुधारलेल्या रेडियसचे फिलेट शेवटी पुन्हा लावायचे. मोठे आधी, लहान नंतर.

गोल दांड्याच्या प्रयोगात यातलं काहीच येत नाही. हे मला शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये कळलं. झिजेचे माझे ग्राफ बघून तिथले मिस्त्री म्हणाले, "वजन काय घेऊन बसलायसा मॅडम, कोपरा किती ऱ्हायलाय ते सांगा की!"

घरी येऊन गणित केलं. २० बाय २० मिमीचा चौकोनी तांब्याचा इलेक्ट्रोड घ्या. त्याचं तोंड सगळीकडं सारखं ०.०१ मिमी झिजलं, तर ४ घन मिमी तांबं गेलं, म्हणजे साधारण ३६ मिलिग्रॅम. आता तोंड जसंच्या तसं, पण तोंडाच्या चारही कडांचा रेडियस ०.२ वरून ०.५ झाला, तर जातं सुमारे ३.६ घन मिमी, म्हणजे ३२ मिलिग्रॅम. काट्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच. पहिला इलेक्ट्रोड अजून चालेल. दुसरा फिनिशिंगला लावला, तर डाय वाया जाईल. बहुतेक पेपर झीज वजनावरच मोजतात.

संशोधकांची बाजूही आहे. दांडा स्वस्त पडतो, प्रयोग पुन्हा तसाच करता येतो, दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना जमते. कडेच्या झिजेवर कुणी कामच केलं नाही असंही नाही. जपानमध्ये मोहरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच इलेक्ट्रोडची कड कशी झिजते ते दाखवलं होतं. पण आपल्याकडे सोपी पद्धत घेतली जाते आणि निष्कर्ष मात्र "डाय उद्योगाला उपयुक्त" म्हणून लिहिला जातो. माझा आक्षेप त्या एका वाक्याला आहे.

उद्यमनगरातल्या पॅटर्न करणाऱ्याला फिलेटचं महत्त्व सांगावं लागत नाही. धारदार कोपऱ्यावर कास्टिंग तडकतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. डायचंही तसंच. ताण कोपऱ्यात एकवटतो, आणि ईडीएमनंतर तिथं वितळून पुन्हा थिजलेला कडक, ठिसूळ थर असतो. तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून नवीन सिनॉप्सिसमध्ये मी तीन गोष्टी घातल्या आहेत: इलेक्ट्रोड कडा-कोपऱ्यांचा, रेडियस प्रयोगाआधी आणि नंतर मोजलेला, आणि खड्ड्यात प्रत्यक्ष मिळालेला रेडियस. प्रयोग कमी होतील, तक्ता लहान दिसेल. चालेल. मिस्त्रींच्या प्रश्नाला मिलिमीटरमध्ये उत्तर देता आलं पाहिजे.