पालावरून दिसणारे गाव

मराठीत भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चर्चा निघाली की बहुतेक समीक्षक दोन-तीन ठरावीक शब्दांपाशी येऊन थांबतात. वेदना, विद्रोह, दाहक वास्तव. हे शब्द खोटे नाहीत, पण चाळीस वर्षे तेच वापरून ते बोथट झाले आहेत. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' १९८३ चे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा अकादमी पुरस्कार लाभला. ही पुस्तके अभ्यासक्रमांत गेली, त्यांच्यावर प्रबंध झाले. तरी एक साधी गोष्ट म्हणावी तितकी ठळकपणे मांडली गेली नाही, असे आम्हांला वाटते. ही पुस्तके जितकी भटक्यांविषयी आहेत तितकीच गावाविषयी आहेत. घरदार असलेला, सातबाऱ्यावर नाव असलेला, रेशनकार्ड असलेला माणूस पालावरून कसा दिसतो, हे मराठीत प्रथम याच पुस्तकांनी सांगितले.

त्याआधी जे होते ते उंबऱ्याच्या आतून पाहिलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. मराठी खेड्याची अर्थव्यवस्था इतक्या बारकाईने मांडणारे दुसरे पुस्तक त्या काळात नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्यात 'फिरस्ते' या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. पण आत्रे उभे आहेत ते कुणब्याच्या खळ्यावर. धान्याच्या राशीवर किती हात पडतात याचा हिशेब ते मांडतात आणि फिरस्ता त्या हिशेबात फक्त खर्चाच्या बाजूला येतो. कुणब्याविषयीचा त्यांचा कळवळा खरा आहे. मात्र त्याच आत्र्यांनी 'गुन्हेगार जाती' हेही पुस्तक लिहिले, आणि हा योगायोग नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून पोलिसांच्या दप्तरात जे नोंदले, त्याला मराठी गद्यातून विद्वत्तेचा आधार मिळत गेला.

अण्णा भाऊ साठे यांनी 'माकडीचा माळ'मध्ये या उपेक्षित माणसांच्या तळावर जाऊन पाहिले, ही मोठी गोष्ट होती. तरीही तळावरच्या माणसाने स्वतः गावाकडे पाहून लिहावे, याला १९८० उजाडावे लागले.

'उपरा'त गाव कसे दिसते? कैकाडी बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर घेऊन येतो. गावाला त्याची गरज आहे. कणग्या, डाली, टोपल्या त्याच्याशिवाय कोण विणणार? पीक निघाले की धान्य ठेवायला कणगी हवीच. म्हणजे गावगाड्याच्या हिशेबात जमेच्या बाजूलाही त्याचे नाव यायला हवे होते. पण गरज असलेला माणूस आणि ओळख असलेला माणूस या दोन गोष्टी गावाने नेहमी वेगळ्या ठेवल्या. कणगी घरात जाते, विणणारा वेशीबाहेर राहतो. माल वापरायचा आणि रात्री चोरी झाली की पहिला संशय पालावर घ्यायचा, हा व्यवहार माने आरडाओरडा न करता सांगतात. त्यांच्या भाषेत कैकाडी बोलीतले शब्द सहज मिसळतात, त्यांचा अर्थ लावत वाचकाला पुढे जावे लागते. परक्या गावात शिरणाऱ्याला जे करावे लागते, तेच इथे घरंदाज वाचकाला करावे लागते.

पुढे लेखक शिकतो, मराठा मुलीशी लग्न करतो आणि जातपंचायत त्याच्यावर उलटते. इथे शीर्षकाचा अर्थ दुहेरी होतो. गावाला उपरा असलेला माणूस पालालाही उपरा होतो. पालावरचा समाज निष्पाप आणि गाव तेवढे दुष्ट, अशी सोपी वाटणी माने करत नाहीत. 'उपरा'चे बळ आम्हांला त्याच्या कारुण्यापेक्षा या निर्भीडपणात दिसते.

'उचल्या' कलाकृती म्हणून अधिक विस्कळीत आहे. घटनांची गर्दी होते, उत्तरार्ध चळवळीच्या अहवालासारखा होत जातो. पण चोर आणि सज्जन यांच्यातली रेष किती सोयीची आहे, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या पुस्तकाने दाखवले नाही. चोरी करणारा मार खातो, आणि मारणाऱ्या पोलिसाचा त्या चोरीत वाटा असतो. हजेरी लावणाऱ्या माणसाला दुसऱ्या गावी जायलाही परवानगी लागते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो जुना कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणायचे. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाला नवे नाव मिळाले. लेखक लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, घामाचे पैसे मिळवतो, तरी जातीचे नाव त्याच्या पुढे चालते.

आता आमच्या घरातला प्रश्न. भटक्यांत मुसलमानही आहेत, हे मराठी समीक्षेला क्वचितच आठवते. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतल्या चौदा नावांत छप्परबंद आहेत. गवताची छपरे शाकारणारी ही जमात मोगल फौजांबरोबर दख्खनेत आली असे सांगतात. इंग्रजांनी तिच्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांचा शिक्का मारला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारे शिकलगार आहेत. मदारी आहेत, अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल आणि साप त्यांच्या हातून गेले. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण माणसाला पर्यायी काम देण्याची घाई कुणाला नव्हती. मूल दचकू नये म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवणारी, केसाचा तावीज घेणारी आई हिंदूही होती, मुसलमानही. दरवेशाला रात्रभर अंगणात टेकू देण्याची वेळ आली की दोघींच्या घरचे दार सारखेच बंद होत असे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. या प्रवाहातल्या कथा-कवितांनी मोहल्ला आणला, तलाकपीडित स्त्री आणली, दंगलीनंतरची भीती आणली. हे सारे मोलाचे आहे. पण हे अनुभवविश्व बहुतांशी घर असलेल्या मुसलमानाचे आहे. फकीर, मदारी, दरवेशी त्यात येतात ते उरुसाच्या गर्दीत, लोबानच्या धुराबरोबर, वातावरणनिर्मितीसाठी. गावगाड्यातल्या फिरस्त्याला निदान खर्चाच्या बाजूला तरी जागा होती.

हा केवळ साहित्याचा मामला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. बाजारचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. भटक्यांच्या आत्मकथनांतल्या गावाचा संशय तिथे होता, फक्त त्या संशयाला लगाम घालणारी जुनी ओळख नव्हती. पूर्वी फिरस्त्याचा वर्षाचा फेरा ठरलेला असे, पाटील त्याला शिवी देई पण चेहऱ्याने ओळखे. त्या ओळखीचे कौतुक करायचे कारण नाही, तिच्यात मार होताच. पण ती गेल्यावर काय उरते ते राईनपाड्याला दिसले.

रेणके आयोगाचा अहवाल २००८ साली आला, इदाते आयोगाचा त्यानंतर दहाएक वर्षांनी. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष मराठी माणसेच होती. शिफारशींचे काय झाले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. साहित्यापुरते बोलायचे तर मदारी, शिकलगार, छप्परबंद यांच्या वस्त्यांत आता शाळा शिकलेली मुले आहेत. त्यांच्यातला एखादा लिहू लागेल तेव्हा त्याच्या पुस्तकात गावच्या पाटलाबरोबर आपला मोहल्लाही येईल. मशिदीच्या पायरीवर कुणाला बसू दिले, कुणाच्या मुलीला सून करायला कोण तयार झाले नाही, कब्रस्तानात जागा मागताना काय काय विचारले गेले, हे तो लिहील. ते चित्र 'उपरा'तल्या गावापेक्षा फार निराळे निघेल असे मानायला आज तरी आम्हांला आधार सापडत नाही.