खडकाचा पाठ व अंबरनाथचे शिवालय

प्राथमिक शाळेतील खडकांचा पाठ बहुधा नमुने गोळा करून त्यांची नावे वदवून घेण्यापाशी थांबतो. उल्हासनगर-बदलापूरच्या मुलांस तो अपुराच म्हटला पाहिजे. कारण अंबरनाथचे शिवालय त्यांच्या शेजारी आहे. त्याचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. उघड्यावरील व मंडपातील कोरीवकाम ताडून पाहिल्यास साडेनऊशे पावसाळ्यांची झीज मुलांस डोळ्यांनी दिसते. हातोडी येथे अर्थातच वर्ज्य. वास्तू संरक्षित आहे. हाताळावयाचे गोटे लगतच्या वालधुनीतून घ्यावे, तर तिच्यात कारखान्यांचे सांडपाणी. म्हणून बदलापुरास उल्हासकाठी जावे लागते. ही नदी का टाळली, हेही त्याच पाठात सांगावयास हवे; ते वगळणे अप्रामाणिक होय.