सगळी गाणी 128वर

एप्रिल-मे लागला की माणगाव तालुक्यात हळदीची रात्र ही डीजेची रात्र असते. इंदापूर, लोणेरे, निजामपूर, गोरेगाव, कुठल्याही वाडीत जा. मांडवाबाहेर टॉप-बेसची भिंत उभी असते आणि तिच्यातून कोळीगीत, आगरी गीत, भीमगीत, आनंद शिंदेंचं एखादं जुनं गाणं आणि ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ एकापाठोपाठ एक येत राहतं. गाणी बदलतात, गती बदलत नाही. या भागात वाजणारे बहुतेक रिमिक्स मिनिटाला 125 ते 130 ठोक्यांच्या पट्ट्यात बसवलेले असतात. कारण उघड आहे: एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेका तुटला तर नाचणारे थांबतात. तेव्हा मूळ गाणं 90चं असो वा 110चं, त्याला 128वर आणून बसवायचं. रिमिक्सची पहिली पायरी ही, आणि आपल्याकडचा रिमिक्स कमी पडतो तोही इथेच.

टेप आणि तबकडीच्या काळात गती वाढवली की सूरही चढायचा, त्याला इलाज नव्हता. वेग सहा टक्क्यांनी वाढवला की गाणं पेटीवरची एक पट्टी वर सरकतं. डीजेंच्या पिढ्या ज्या टेक्निक्स एसएल-1200 टर्नटेबलवर घडल्या, त्याच्या 1979च्या एमके-2 आवृत्तीतली वेगाची दांडी वर-खाली आठ टक्क्यांपर्यंतच सरकायची. म्हणजे गाणं फार तर दीडेक पट्टी हलायचं. ही अडचण खरी म्हणजे कलेच्या पथ्यावर पडली होती. जवळच्या गतीची, जवळच्या सुराची गाणी शोधावी लागत. त्यासाठी गाणी भरपूर ऐकलेली असावी लागत.

गती आणि सूर वेगळे करण्याचं गणित तसं जुनं आहे. बेल लॅब्समधल्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी 1966 साली फेज व्होकोडरची पद्धत मांडली होती. पण ते घरच्या कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होऊ लागलं ते 2001 साली आलेल्या एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरपासून. आज एफएल स्टुडिओ, व्हर्च्युअल डीजे आणि फुकट मिळणारं ऑडॅसिटी यांपैकी काहीही उघडा, आकडा टाका, गाणं त्या गतीला येतं आणि पट्टी जागची हलत नाही. माणगावातला विशीतला पोरगा जुन्या लॅपटॉपवर हे करतो, याचं मला मनापासून कौतुक आहे. मुंबईच्या स्टुडिओची पायरी चढल्याशिवाय आपल्या गावच्या हळदीसाठी आपल्या बोलीतलं गाणं नव्याने बांधता येणं ही लहान गोष्ट नाही.

पण पट्टी राहिली म्हणजे गाणं राहिलं, असं होत नाही. 96चं गाणं 128वर नेलं की वेग एक तृतीयांशाने वाढतो. जुन्या पद्धतीत काळी एकचं गाणं काळी तीनला जाऊन बसलं असतं आणि गायिकेचा आवाज पोरकट झाला असता. आता तसं होत नाही, म्हणून काम झालं असं वाटतं. मात्र लांबवलेल्या सुरावर गळ्याला जो कंप असतो, तो सेकंदाला सहा हेलकाव्यांचा असेल तर तो आता आठांचा होतो. सूर तोच, पण गळा थरथरतो. भरदार कोळणीचा आवाज घाबऱ्याघुबऱ्या बाईसारखा येऊ लागतो. दोन ओळींमधला श्वास आखडतो, आणि हेल काढून म्हटलेलं ‘गो’ किंवा ‘रं’ ठोक्याच्या आत घाईने गिळलं जातं. आगरी-कोळी गाण्याचं अर्धं सौंदर्य त्या हेलात असतं. शब्द कळले तरी बोली हरवते.

ढोलकीचे हाल वेगळेच. सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांचे तुकडे करतं, काही गाळतं, उरलेले एकमेकांवर चढवून जोडतं. सलग सुराला हे खपतं. चाटीवरची थाप मात्र क्षणात सुरू होऊन क्षणात संपते. सांधा नेमका तिथे पडला की थाप बोथट होते किंवा दोनदा ऐकू येते. म्हणूनच एबलटनमध्ये ठेक्याच्या ट्रॅकसाठी बीट्स, सुरासाठी टोन्स आणि अख्ख्या गाण्यासाठी कॉम्प्लेक्स असे निराळे पर्याय ठेवलेले आहेत. आपल्याकडचे कित्येक रिमिक्स ऐकताना कळतं की समोर आला तो पर्याय तसाच राहू दिला आहे. वर किक इतकी जाड चढवलेली असते की बिघडलेली ढोलकी झाकून जाते. तो झाकण्याचा उपाय झाला.

आणखी एक गोष्ट. जुनी गाणी क्लिक कानात घेऊन वाजवलेली नाहीत. ढोलकीवाला आणि गाणारा एकमेकांकडे बघत वाजवायचे. धृपदाला गती किंचित चढायची, अंतऱ्याला बसायची. अशा गाण्याला एकच आकडा लावला की दुसऱ्या कडव्यापर्यंत किक पुढे आणि गाणं मागे. चांगला रिमिक्सकार जागोजागी खुणा मारून, आवर्तन-आवर्तन ऐकत गाणं बसवतो. इथेही डोळे मिटून सगळं सरळ रेषेत ओढलं तर गाण्याचा डौल जातो. कोळीगीतांत हा धोका जास्त, कारण बरीच कोळीगीतं सहाच्या अंगाने चालतात, तीन-तीनच्या झोक्यात. प्रत्येक झोक्याला एक किक दिली तर झोका शाबूत राहतो आणि नाचही होतो. पण चाराच्या चौकटीत सोळा घरं आखून गाण्याचा प्रत्येक घाव जवळच्या घरात ढकलला की तिसरी मात्रा जागची सरकते. होडी हलायची थांबते. माझ्या कानाला आजच्या आगरी-कोळी रिमिक्सचा सर्वांत मोठा दोष हा वाटतो, आवाजाच्या मोठेपणाहूनही मोठा.

यावर तोड आपल्याच घरात आहे. बरोबरीच्या लयीतून दुगुनीत जाताना गाणारा आपल्या जागी राहू शकतो आणि ठेका दुपटीने धावू शकतो, हे आपल्या वादकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. 62चं संथ गाणं तीन टक्क्यांनी वाढवून 64 करा आणि खाली 128ची किक सोडा. गळ्याला जवळपास हात लागला नाही, नाचणाऱ्याला हवी ती गती मिळाली. या भागात जे मोजके रिमिक्स वर्षानुवर्षं टिकले, पुन्हा पुन्हा मागितले गेले, त्यांत बहुधा हेच केलेलं सापडतं: आवाज मोकळा, फिरवलेला फक्त ठेका.

आणि गती एकसारखी ठेवायचीच कशाला? खालूबाजा ऐका. पालखीपुढे सनई आणि ढोल सुरुवातीला रमतगमत चालतात. पालखी टेकते त्या सहाणेपाशी पोहोचेतो तीच चाल अंगात येते. गणपतीत बाल्या नाचाची मंडळी फेर धरतात तेव्हा पहिलं पाऊल सावकाश पडतं, मग मृदंगावरचा हात चढतो, घुंगरं दाट होतात, शेवटी पाय जमिनीवर ठरत नाहीत. बेंजो पार्टीतही नाचणारे तापले की वाजवणारे कळेल न कळेल असे पुढे सरकतात. डीजेचा नाच पहिल्या मिनिटालाच शिखरावर सुरू होतो, म्हणून तासाभरात दमतो. मग आवाज वाढवण्यापलीकडे हातात काही उरत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक त्या क्षणी जाचक वाटू लागतो. गती हळूहळू चढवण्याची रेषा एबलटनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. 104वरून निघून अर्ध्या तासात 130ला पोहोचणारा हळदीचा सेट मी अजून ऐकलेला नाही.

उलट दिशेचं वेडही आलंय. गाणं संथ करून त्यावर घुमारा चढवायचा, म्हणजे ‘स्लोड अँड रिव्हर्ब’. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने 1990च्या दशकात टेप मंद करून जे केलं त्याचं हे दूरचं नातवंड. ‘जोगवा’मधल्या ‘जीव रंगला’सारख्या मुळातच विलंबित गाण्याला आणखी ताणून काय हाती लागतं, मला उमगत नाही, व्यंजनं विरघळतात आणि उदासी उसनी वाटते.

2019मध्ये स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर आलं, आणि तयार गाण्यातून गळा आणि वाद्यं वेगळी काढणं आवाक्यात आलं. आता ढोलकी खराब होते ही सबब उरली नाही: आवाज वेगळा काढा, ठेका नव्याने वाजवून घ्या. पण सोबत जबाबदारीही आली. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गाणारा आणि वादक, दोघांनाही आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास दाद मागता येते. वाडीतल्या शाहिराला हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि रिमिक्सवर सुरुवातीलाच डीजेचं नाव तीनदा घुमतं तेव्हा गाणाऱ्याचं एकदाही येत नाही. ते एक नाव बोलायला चार ठोके पुरतात.

ठेका नव्याने वाजवून घ्यायचा तर वाजवणारे लांब नाहीत. माणगावच्या आसपासच्या वाड्यांमधून खालूबाजाचे आणि बाल्या नाचाचे वादक अजून आहेत. त्यांच्यातले बरेच गणपतीपुरते मुंबईहून येतात. त्या दिवसांत एक माइक घेऊन त्यांच्यासमोर बसलं तर खरा मृदंग, खरी घुंगरं आणि गती नेमकी कुठे, किती चढते हे सगळं एकाच बैठकीत टिपता येईल. बाजारातून घेतलेल्या सॅम्पलच्या पॅकमध्ये यातलं काही मिळत नाही.